स्वतंत्र टर्मिनल खिडक्यांतून अनेक स्क्रिप्ट चालवणे

एकाच प्रोग्रॅमने दोन किंवा अधिक स्क्रिप्ट सुरू करून प्रत्येकीला स्वतःची टर्मिनल खिडकी देणे, ही संगणक प्रोग्रॅमिंगमधील एक प्रचलित पद्धत आहे. प्रत्येक स्क्रिप्टचे संदेश व त्रुटी स्वतंत्रपणे दिसाव्यात, हा या पद्धतीचा मुख्य हेतू असतो. स्क्रिप्ट एकाच वेळी चालण्यासाठी मात्र खिडक्यांची आवश्यकता नसते. ते कार्य स्वतंत्र प्रक्रियांमुळे साध्य होते.

पार्श्वभूमी

टर्मिनल हे मूलतः पडदा व कळफलक असलेले, मुख्य संगणकाला जोडलेले वेगळे यंत्र होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७८ सालचे व्हीटी१०० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. पुढे या यंत्राची जागा त्याच्यासारखे वागणाऱ्या प्रोग्रॅमने घेतली. एक्सटर्म व ग्नोम टर्मिनल हे असे प्रोग्रॅम आहेत. म्हणजेच टर्मिनल खिडकी हा स्वतःच एक प्रोग्रॅम असून स्क्रिप्ट ही त्याच्या आत चालणारी वेगळी प्रक्रिया असते.

कार्यपद्धती

चालू प्रोग्रॅमला जनक प्रक्रिया आणि त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमला अपत्य प्रक्रिया म्हणतात. युनिक्समध्ये 'फोर्क' या आवाहनाने जनकाची प्रत तयार होते व 'एक्झेक' या आवाहनाने त्या प्रतीत नवा प्रोग्रॅम भरला जातो. पायथन भाषेत या कामासाठी २००४ सालच्या २.४ या आवृत्तीपासून 'सबप्रोसेस' हे मॉड्यूल उपलब्ध आहे. त्यातील 'रन' हे फंक्शन अपत्य प्रक्रिया संपेपर्यंत थांबते. 'पीओपन' न थांबता पुढे जाते. त्यामुळे तीन स्क्रिप्ट 'रन'ने ओळीने सुरू केल्यास त्या एकामागून एक चालतात, एकाच वेळी नव्हे. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

विंडोजमध्ये प्रक्रिया सुरू करतानाच नवी कन्सोल खिडकी मागण्याचा पर्याय देता येतो, किंवा 'स्टार्ट' ही आज्ञा वापरता येते. लिनक्समध्ये असा पर्याय नाही. तेथे आधी टर्मिनल प्रोग्रॅम सुरू करावा लागतो व कोणती स्क्रिप्ट चालवायची हे त्याला सांगावे लागते.

उदाहरण

समजा, वाशीम जिल्ह्यातील रिठद, रिसोड व मालेगाव या तीन ठिकाणांच्या पावसाच्या नोंदी तीन स्क्रिप्ट वाचतात आणि मुख्य प्रोग्रॅम शेवटी त्यांचा एकत्रित तक्ता करतो. खिडक्या वेगळ्या असल्यामुळे रिठदच्या नोंदीतील त्रुटी रिठदच्याच खिडकीत दिसते. परंतु तिन्ही स्क्रिप्टनी एकाच संचिकेत लिहिल्यास एकीचा मजकूर दुसरीच्या मजकुराने पुसला जाऊ शकतो. खिडकी वेगळी असली तरी संचिका वेगळी होत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टला स्वतंत्र संचिका द्यावी आणि सर्व स्क्रिप्ट संपल्यावरच तक्ता करावा.

मर्यादा

सर्व स्क्रिप्ट संपल्या की नाही, हे ओळखणे लिनक्समध्ये नेहमीच सोपे नसते. एक्सटर्म आतील स्क्रिप्ट संपेपर्यंत चालू राहतो, त्यामुळे त्याची वाट पाहणे पुरेसे ठरते. ग्नोम टर्मिनलची आज्ञा मात्र खिडकी उघडण्याचे काम आपल्या पार्श्वभूमीतील प्रक्रियेकडे सोपवून लगेच संपते. मुख्य प्रोग्रॅमला काम पूर्ण झाल्याचा भास होतो आणि अर्धवट नोंदींवरून तक्ता तयार होतो. असा तक्ता वरकरणी बरोबरच दिसतो. हे टाळण्यासाठी त्या आज्ञेला 'वेट' हा पर्याय द्यावा लागतो.

स्क्रिप्ट संपताच बहुधा खिडकीही बंद होते व त्रुटीचा संदेश वाचण्यापूर्वीच नाहीसा होतो. एक्सटर्मचा 'होल्ड' हा पर्याय खिडकी उघडी ठेवतो. याउलट, युनिक्ससदृश प्रणालींत खिडकी मध्येच बंद केल्यास आतील प्रक्रियेला 'हँगअप' हा संकेत मिळतो व ती सामान्यतः थांबते.

टर्मिनलमधील अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटींत मांडली जात असल्याने देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा काही टर्मिनलमध्ये तुटक दिसतात. मात्र पडद्यावर तुटक दिसणारा मजकूर संचिकेतही बिघडलेला असेलच असे नाही.

पर्याय

खिडक्यांऐवजी प्रत्येक स्क्रिप्टचे संदेश नोंद-संचिकेत साठवता येतात. टीमक्स किंवा जीएनयू स्क्रीन वापरल्यास एकाच खिडकीत अनेक सत्रे चालवता येतात आणि खिडकी बंद झाली तरी ती चालू राहतात. दीर्घकाळ चालणाऱ्या कामांसाठी हे पर्याय अधिक सुरक्षित ठरतात.