चौथ्या खांबाचा पाय

काठमांडूला ज्या वास्तूवरून नाव मिळाले, तो काष्ठमंडप 25 एप्रिल 2015 रोजी, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास कोसळला. आत रक्तदान शिबिर चालू होते. 7.8 क्षमतेच्या त्या भूकंपाने नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार बळी घेतले.

लाकूड, विटा आणि मातीचा गारा. असले बांधकाम पडणारच, आता सिमेंट-लोखंडात बांधा, असा सूर लगेच निघाला. पण हाच मंडप 1934 च्या महाभूकंपातून वाचला होता. मग या वेळी काय बिघडले?

डरहॅम विद्यापीठाचे रॉबिन कॉनिंगहॅम आणि नेपाळी पुरातत्त्वज्ञांनी ढिगाऱ्याखाली खणून पाहिले. मंडप बाराव्या शतकातला असे मानले जाई. पाया निघाला सातव्या शतकातला. सुमारे दोन मीटर खोल, विटांचा, आतल्या भिंतींनी नऊ खणांत विभागलेला, आणि एवढ्या हादऱ्यानंतरही शाबूत.

दोष वर होता. मंडपाचा भार मधल्या चार लाकडी खांबांवर. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो, तसाच दगड इथेही होता. त्यात खाच, आणि खांबाच्या बुंध्याला कोरलेला खुंटा त्या खाचेत बसवलेला. जमीन हलली की खांब डुलतो, सांधे थोडे घासतात, धक्क्याची ऊर्जा तिथे जिरते. खुंट्यामुळे पाय मात्र जागचा सरकत नाही. पण चौथा, ईशान्येचा खांब तळखड्यात बसलेलाच नव्हता. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत वर नवी फरशी आली आणि हा सांधा तुटलेलाच राहिला. म्हणजे दोष मूळ कारागिरांचा नव्हता, आपल्या काळातल्या डागडुजीचा होता. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो लागला नसता तर निर्दोष पाया उखडून त्यात काँक्रीट ओतले गेले असते.

स्थानिक रहिवाशांनी पुनर्बांधणीसाठी आग्रह धरला, समिती केली. साल वृक्षाचे खांब, विटा आणि माती वापरून मंडप त्याच जुन्या पायावर पुन्हा उभा राहिला.

तुमच्या गावात जुना वाडा किंवा लाकडी सभामंडप असेल आणि तिथे नवी फरशी घालायचे घाटत असेल, तर आधी प्रत्येक खांबाचा पाय उघडून बघा.