मूळ नक्षत्र आणि खोक्याचे झाकण

काही वर्षांपूर्वी तिसरीतील एका मुलीने आम्हांस विचारले, "सर, मी मुळावर जन्मले म्हणून वाईट आहे का?" बोलणे घरच्याच कुणा वडीलधाऱ्याचे होते. आपल्या वस्तीतही पंचांगाची भीती अशी मागील दाराने शिरते, हे मान्य केले पाहिजे.

तोंडी उत्तर घरातल्या बोलण्यापुढे टिकले नसते. ऐकीव गोष्ट तपासून पाहा, असे कालामसुत्त सांगते. म्हणून आम्ही बुटांच्या खोक्याचे झाकण घेतले.

मूळ म्हणजे वृश्चिकाची नांगी. झाकणावर मुलांनी त्या आकड्याचे ठिपके काढले, भोके पाडून दोरे ओवले आणि टोकांना मणी बांधले. प्रमाण धरले दहा प्रकाशवर्षांना एक सेंटिमीटर. नांगीतील एक तारा सुमारे ३०० प्रकाशवर्षे दूर आहे, टोकाजवळचा तेजस्वी तारा सुमारे ५७०. झाकण उंच टांगून मुले आळीपाळीने खाली उताणी निजली. एक मणी डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर, दुसरा ५७ वर. तरी खालून आकडा दिसे. मग तीच मुले बाजूला बसली आणि आकडा मोडला. हे तारे एकत्र नाहीतच. आपण जेथे उभे आहोत, तेथून ते तसे दिसतात. (त्या तेजस्वी ताऱ्याचा आजचा प्रकाश निघाला तेव्हा मुंबई पोर्तुगीजांच्या हाती जायची होती. इतिहासाच्या शिक्षकाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

नक्षत्रे टाकाऊ मात्र नव्हेत. चंद्राच्या वाटेवरील ते २७ मुक्काम आहेत. वैशाखाचे नाव विशाखेवरून आले आणि बुद्धपौर्णिमेचा चंद्र तिच्याच आसपास असतो. कालगणनेच्या या खुणांवरून माणसांना शुभ-अशुभ ठरवणे ही नंतरची करणी.

मार्चअखेरीस पहाटे पाचला आम्ही मुलांना गच्चीवर नेले. बंदराकडच्या दिव्यांमुळे घोडपदेवचे आकाश फिके असते, तरी नांगी दिसते. हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश मोजले जातात. मुलांची मूठ लहान, पण हातही त्याच मानाने आखूड, त्यामुळे माप आमच्याइतकेच येते. दक्षिण क्षितिजापासून नांगीचा तेजस्वी तारा साडेतीन मुठी वर भरला. त्या मुलीने तो तीनदा मोजला.

सुटीत ती झाकण घरी घेऊन गेली. जूनमध्ये परत आणले तेव्हा दोन दोरे तुटले होते. आजीही खाली निजून बघत होती, असे तिने सांगितले.