राखीव यंत्राला सगळं ठाऊक हवं



भिवंडी तालुक्यात पडघे येथे चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची डी. सी. विजेची लाईन येते. १९९९ साली सुरू झालेल्या या लाईनची क्षमता १५०० मेगावॅट. अशा स्थानकांत नियंत्रक यंत्रे जोडीने बसवतात: एक चालू, दुसरे राखीव. मोठ्या बॉयलरवरही हीच पद्धत वापरतात.

पण नुसती जोडी ठेवून भागत नाही. पाळी सुटताना बॉयलरवरचा माणूस पुढच्याला सांगतो, पाणी इतकं, प्रेशर इतकं, व्हॉल्व्ह इतका उघडा. यंत्र मात्र अचानक बंद पडतं. तेव्हा सांगायला वेळ कुठला? म्हणून चालू यंत्र आपली माहिती राखीव यंत्राला सेकंदात अनेक वेळा देत राहतं. पाण्याची पातळी राखीव यंत्र स्वतःही वाचू शकेल. परंतु ठरवून दिलेली पातळी, चालू हिशेब, ऑटो की हाताने, हे सारं पहिल्याच्या स्मरणातच असतं. ते पोचलं नाही, तर दुसरं यंत्र व्हॉल्व्ह भलताच फिरवील, बॉयलर ट्रिप होईल आणि मिल थांबेल.

यासाठी प्रोग्राममधला बदल दोन्हीकडे करावा. दोघांमधली केबल तुटल्याची सूचना दुर्लक्षू नये. बंद हंगामात चालू यंत्र मुद्दाम बंद करून पाहावे.

गाळप थांबलं की तोडलेला ऊस वाळतो. वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तेव्हा सभेत जरूर विचारा: राखीव यंत्र शेवटचं कधी चालवून पाहिलं?