विमानाचे अंतर आणि घड्याळाचा हिशेब

नाशिक-मालेगावहून मालाचे नमुने घेऊन दुबईला जाणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी हा हिशेब आम्ही मांडत आहोत. समजा, तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ सकाळी १० आणि दुबईला पोहोचण्याची ११.४५ आहे. प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो, पण आहे सव्वातीन तासांचा. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

अंतर कसे काढतात? सपाट नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावा तसा जवळचा मार्ग अक्षांश-रेखांशांवरून काढतात. त्याचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. मुंबई-दुबई अंतर सुमारे १,९२५ कि.मी. भरते. ताशी ८५० कि.मी. वेगाने सव्वादोन तास. धावपट्टी, चढ-उतार व वळसे यांचा तासभर वेगळा. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, म्हणून परतीपेक्षा जाण्यास वेळ अधिक लागतो. जिद्दा मुंबईपासून सुमारे ३,५२० कि.मी. आहे; तेथील घड्याळ अडीच तास मागे.

यात नाशिक-मुंबई रस्त्याचे चार-पाच तास आणि विमानतळावरचे तीन तास मिळवा. दहाच्या विमानासाठी नाशिक रात्री दोनलाच सोडावे लागेल. तेव्हा त्याच दुपारी बाराला ग्राहकाची भेट ठरवू नये.

परतीला तारीखही पाहावी. दुबईहून रात्री १० ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उतरते. गाडी त्याच तारखेची सांगावी.