वाळवंटातली बाग कशी मांडावी?

अबूधाबीत वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तरी तिथल्या रस्त्यांच्या कडेला पेटुनिया फुलतो, हिरवळ लोळते. सांडपाणी शुद्ध करून किंवा समुद्राचं पाणी गोडं करून हा थाट सांभाळला जातो. देखणा खरा, पण महागडा हट्ट!

याच शहरातल्या अल फे पार्कची मांडणी डेन्मार्कच्या ‘एसएलए’ संस्थेने उलट विचाराने केली. 27,500 चौरस मीटर जागेत दोन हजारांवर स्थानिक झाडं-झुडपं आहेत, आणि ती एकेकटी, रांगेत उभी नाहीत. दाट घोळक्यात आहेत. घोळक्यातलं झाड शेजाऱ्याला सावली देतं, तापलेला वारा अडवतं, पडलेला पाला माती झाकतो, ओल टिकते. पाणी सुमारे 40 टक्के कमी लागतं, असं रचनाकार सांगतात.

इथला नायक म्हणजे ‘घाफ’, आपली दसऱ्याची शमी. अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष. मुळं खोल ओलीपर्यंत जातात आणि जमिनीत नत्रही धरतात. हिचीच भावकी असलेली वेडी बाभूळ मात्र बाहेरून आणली गेली आणि तिथेही, आपल्यासारखीच, डोईजड झाली. चिवटपणा एवढ्या एकाच गुणावर झाड निवडलं की असं होतं.

घोळक्याची युक्ती नवी नाही. अमिरातीतल्याच अल ऐन शहराच्या मरूद्यानात वर खजूर, त्याखाली फळझाडं, तळाशी चारा. पाणी ‘फलज’ नावाच्या पाटांचं.