दातांवरचा थर, फुफ्फुसातले ठाण

1683 मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या दातांवरच्या पांढऱ्या थरात वळवळणारे जीव पाहिले. तो थर म्हणजे बायोफिल्म: स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणात एकत्र राहणारे जिवाणू. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू असाच थर करून वर्षानुवर्षे ठाण मांडतो. थराच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी, त्यामुळे तिथले जिवाणू जवळजवळ सुप्त. आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या पेशींवरच नीट चालतात. नेहमीची संवेदनशीलता-चाचणी मात्र मोकळ्या जिवाणूंवर होते. म्हणूनच अहवालात लागू दिसलेले औषध रुग्णाला गुण देईलच असे नाही. ही तफावत रुग्णाला उपचाराआधीच सांगायला हवी. कृत्रिम सांध्यावर असा थर पक्का झाला, तर बहुधा सांधाच काढावा लागतो.