वर्ध्याच्या उन्हात सोनेरी मासे

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत मासे कधीच नसतात. यादीत कपडे असतात, पणत्या असतात, उटणे असते, पोराटोरांच्या टिकल्या-फुलबाज्या असतात. तरीही घरी परतताना एखाद्या चिमुरड्या हातात पाण्याने फुगलेली पिशवी असते आणि तिच्यात दोन शेंदरी जीव गरगर फिरत असतात. सोबत काचेचा एक गोल गडू, मूठभर रंगीत खडे आणि खाद्याची एक डबी. भाऊबिजेपर्यंत सारे घर त्या गडूभोवती गोळा झालेले असते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास एक मासा उताणा तरंगताना दिसतो, दुसरा त्याच्या मागोमाग जातो आणि गडूत प्लॅस्टिकची फुले येऊन बसतात. मूल दोन दिवस जेवत नाही. मोठी माणसे त्याची समजूत घालतात, "अरे, या माशांचे आयुष्यच एवढे असते."

हे मात्र धादांत खोटे आहे. सोनेरी मासा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत गोल्डफिश, नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये जत्रेत मिळालेला असा एक मासा त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली वारला. म्हणजे पहिलीतल्या मुलाने आणलेला मासा त्याच्या लग्नाच्या मांडवापर्यंत सोबत करू शकतो. पंधरा दिवसांत तो मरतो, तो आयुष्य संपले म्हणून नव्हे. तो बहुधा स्वतःच्याच मलमूत्राने विषारी झालेल्या पाण्यात गुदमरून मरतो.

हा मासा परका खरा, पण कुळाने आपल्या ओळखीचा आहे. बाजारात मिळणारे रोहू, कटला आणि मृगळ ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. चीनमध्ये तळ्यातल्या करड्या माशांत अधूनमधून तांबूस पिल्लू निघे. सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, अशी पिल्ले वेगळी राखून त्यांची वीण वाढवण्याचा नाद लोकांना लागला. तिथून तो जपानात गेला, सतराव्या शतकात युरोपात पोचला. माणसाने हौसेपायी त्याला काय काय रूपे दिली! कुणाच्या डोक्यावर मांसल टोपी, कुणाचे डोळे भिंगासारखे बाहेर आलेले, कुणाची शेपटी नऊवारीच्या घोळासारखी. आपल्याकडेही मासे पाळण्यापेक्षा पाहण्याची हौस जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त मासे, त्यांना घालायचे खाणे आणि गळाने धरण्याची करमणूक यांवर वेगळे प्रकरणच आहे. आणि १९५१ साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून मुंबई पाहून आलेल्या किती विदर्भकरांच्या मनात काचेमागचे ते निळे पाणी घर करून राहिले, त्याची मोजदाद कोण करणार!

वर्ध्याला येणारे शोभेचे मासे मात्र समुद्राकडचे नव्हेत. त्यांची मोठी पैदास होते ती बंगालमध्ये हावड्याच्या आसपास आणि चेन्नईजवळच्या कोळत्तूर भागात. तिथून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करून ते दुकानाच्या टाकीत पडतात आणि दोन-चार दिवसांत तुमच्या घरी येतात. थकलेला, घाबरलेला पाहुणा आहे तो. पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग टाकीतले पाणी वाटी-वाटीने तिच्यात घालावे आणि शेवटी हलक्या जाळीने फक्त मासा उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी मोरीत ओतावे.

आता त्या गोल गडूविषयी. तो दिसतो सुरेख, पण त्यात पाणी मावते चार-पाच लिटर आणि तोंड निमुळते असल्याने हवेशी संबंध येतो तळहाताएवढा. इटलीच्या रोम शहराने २००५ साली असे गोल गडू वापरायलाच बंदी केली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक घनफूट पाणी म्हणजे अठ्ठावीस लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर छप्पन लिटर होतात, आणि तेवढ्यात लहान असताना दोन मासे कसेबसे राहतील. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी घेतली तर एकशे तीस लिटर होतात. ही टाकी दोघा-तिघांचे खरे घर. मात्र तिचे वजन दोन माणसांच्या वजनाहून जास्त भरते, तेव्हा ती टीव्हीच्या नाजूक टेबलावर ठेवण्याचे धाडस करू नये.

टाकी आणली, पाणी भरले, मासे सोडले असे चालत नाही. दूध विरजणावाचून दह्यात बदलत नाही, तशी टाकीलाही विरजण लागते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. तो त्यालाच विष आहे. निसर्गात सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट बरेचसे निरुपद्रवी असते. हे जंतू टाकीतल्या खड्यांवर आणि स्पंजावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. एखाद्या स्नेह्याची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्यातला मूठभर खडा किंवा स्पंजाचा तुकडा मागून आणावा. शेजारून विरजण मागण्यात आपल्याकडे कुणी संकोच करीत नाही! आणि हा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सारी वस्ती एका क्षणात मरते. "मी तर टाकी दर रविवारी राखेने घासून लख्ख करते, तरी मासे मरतात," अशी तक्रार ऐकू येते. त्या 'तरी'च्या जागी 'म्हणूनच' घालून वाचावे. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालणे, एवढी स्वच्छता पुरे.

ते नवे पाणीही जपून निवडावे लागते. वर्धा शहराचे पिण्याचे पाणी धाम नदीचे. त्यात क्लोरीन असते. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या टबात ते दिवस-रात्र उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात थायोसल्फेटचे थेंब मिळतात. विहिरीचे पाणी चांगले असा समज आहे आणि बहुधा तो खराही आहे, पण पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, हे विसरू नये. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते माशांना देऊ नये. आणि आजीच्या तांब्याच्या हंड्यात किंवा बंबात साठवलेले पाणी तर मुळीच नको. तांबे माणसाला मानवत असेल, माशांच्या कल्ल्यांना ते जाळते.

पण वर्धा जिल्ह्यात मासे पाळणाऱ्याची खरी परीक्षा दिवाळीत होत नाही, ती मे महिन्यात होते. आर्वी असो, हिंगणघाट असो की पुलगाव, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि सिमेंटच्या स्लॅबखालची खोली भट्टी होते. सोनेरी मासा मूळचा थंड पाण्याचा. अठरा ते चोवीस अंशांत तो खूष असतो. या माशाच्या अंगी एक विलक्षण कसब आहे. हिवाळ्यात तळे गोठून पाण्यातला प्राणवायू संपला, तरी तो शरीरातल्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून महिनोन्महिने तग धरतो. २०१७ साली शास्त्रज्ञांनी यामागची किल्ली शोधून काढली. पण ही जादू थंडीतली! उन्हाळ्यात ती कामाला येत नाही. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. पाणी तापले की माशाची भूक आणि श्वास वाढतात, म्हणजे खर्च वाढतो त्याच वेळी आवक घटते. त्यात आपले पाणी काळ्या दगडातले, जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात तापमान वीसचे तीस झाले की अमोनियाचा विषारी अंश साधारण दुप्पट होतो. हिवाळ्यात तीन मासे ज्या टाकीत सुखाने राहिले, तीच टाकी मे महिन्यात त्यांचा घास घेते ती अशी.

उपाय मात्र विदर्भाच्या घराघरात आहे. माठ गार का होतो? पाणी झिरपते, कोरडी हवा त्याची वाफ करून नेते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कागदावर शंभर लिटरची टाकी पाच अंशांनी खाली आणायला एका लिटरचेही बलिदान पुरते. प्रत्यक्षात खोली तेवढीच उष्णता परत देत असते, म्हणून दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी गंगेत घोडे न्हाले म्हणावे. टाकीचे काचेचे झाकण काढून जाळी घालावी आणि एक छोटा पंखा पाण्यावर तिरका वारा घालील असा ठेवावा. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा एवढा एक उपकार. टाकी कूलरच्या खोलीत असेल तर उत्तम, पण थेट झोतासमोर नको.

टाकीची जागाही पाहावी. सेवाग्रामची बापूकुटी भर मे महिन्यात पाहून आलेल्यांना मातीच्या भिंतींचा आणि कवेलूंचा गारवा ठाऊक आहे. आपल्या घरातही असा एखादा कोपरा असतो, जिथे दुपारी मांजर जाऊन निजते. टाकी तिथे ठेवावी. (मांजराची व्यवस्था आधी करावी!) पश्चिमेच्या खिडकीपाशी तर नकोच. पाण्यात बर्फाचे खडे टाकू नयेत. पाणी गोठवलेली बंद बाटली तरंगत सोडावी आणि तीही अर्धा-पाऊण तास. एकदम फरक पडला तर मासा तापाने नव्हे, धक्क्याने आजारी पडतो.

आणि वाफ होऊन पाणी कमी झाले की नुसती भर घालण्यावर भागवू नये. वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. काचेवर पांढरी कड दिसते ती त्याचीच. थोडे पाणी काढून मगच नवे घालावे.

मे-जूनच्या वादळात वीज गेली की हवेचा पंप थांबतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. मुले म्हणतात, "बघा, बोलतात!" ते बोलणे नसते, गुदमरणे असते. अशा वेळी तांब्याभर पाणी टाकीतूनच घेऊन फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच-सात वेळा ओतले की मासे निभावतात. त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. भरलेल्या पोटाला प्राणवायू जास्त लागतो.

खाद्याबद्दल थोडेच सांगतो, कारण चूक बहुधा एकच होते आणि ती प्रेमाने होते. सोनेरी माशाला जठर नसते, त्याचे पोट भरल्याची खूण त्याला कळत नाही, मागतच राहतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे, तेही आधी ओले करून, दिवसातून एक-दोनदा घालावेत. आठवड्यातून एक दिवस उपास. अंगाने गोल असलेले मासे कधी कधी तिरके किंवा उलटे तरंगू लागतात. तेव्हा दिवसभर उपाशी ठेवून, उकडलेल्या मटाराचा साल काढलेला दाणा चुरडून द्यावा, पुष्कळदा गुण येतो. पोळीचे तुकडे, मुरमुरे नकोत. दिवाळीचा चिवडा घालणारे महाभागही असतात. त्या तेलामिठाने माशांची दिवाळी होत नाही.

दिवाळीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. घराला रंग देताना टाकी दुसऱ्या खोलीत न्यावी, कारण हवेचा पंप खोलीतली वाफ आणि फटाक्यांचा धूर ओढून थेट पाण्यात सोडतो. अभ्यंगाच्या तेलाचे हात पाण्यात घालू नयेत. आणि डासांचे फवारे! त्यांतली पायरेथ्रॉइड जातीची औषधे माशांना अत्यंत घातक. फवारायचेच असेल तर टाकी ओल्या कापडाने झाकावी, पंप बंद करावा आणि खोली मोकळी झाल्यावर चालू करावा.

कधी कंटाळा आला, बदली झाली, मासे ठेवणे जमेना, तर त्यांना धामेत किंवा बोर धरणात सोडून पुण्य मिळवू नये. परके मासे नव्या पाण्यात माजतात, तळ उकरून गढूळ करतात. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात हे घडले आहे. दुसऱ्या एखाद्या हौशी कुटुंबाला ते द्यावेत.

उरला सुटीचा प्रश्न. मासे तीन सेकंदांत सारे विसरतात ही थाप आहे. खाद्य घालणारे माणूस ते ओळखतात, घंटा किंवा प्रकाशाची खूण महिनोन्महिने लक्षात ठेवतात. तरी तुम्ही आठवडाभर गावी गेलात तर ते खाद्याविना राहू शकतात, धडधाकट मोठ्या माशाला त्याचे काही वाटत नाही. शेजाऱ्यांकडे खाद्याची डबी मात्र देऊ नये. दयाळू शेजारी आठवड्याचे खाणे एका संध्याकाळी घालतो. द्यायचेच असेल तर चिमूट-चिमूट खाद्याच्या तीन पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून द्याव्यात आणि किल्ली देताना एवढेच सांगावे: दुपारी पंखा चालू आहे का पाहा, आणि वीज गेली तर तांब्या टाकीशेजारीच ठेवला आहे.